मागे सरकलेला उपसर्ग

‘वी डिस्कस्ड अबाउट इट’ लिहिलं की ‘अबाउट’वर लाल रेघ ठरलेली. ‘टॉक अबाउट’ चालतं, मग हे का नाही, असं विचारलं तर सर म्हणायचे, “पाठ करा.”

आपल्याकडे एका ‘हृ’ धातूला उपसर्ग लावून आहार, प्रहार, संहार, विहार होतात. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे नेतो, असं संस्कृत व्याकरणातला श्लोकच सांगतो. जुनी इंग्रजीही अशीच होती. विथस्टँड, ओव्हरकम, फरगिव्ह हे त्या काळचे अवशेष. विथस्टँडमधल्या ‘विथ’चा अर्थ ‘सोबत’ नव्हे, ‘विरुद्ध’! ‘फाइट विथ’मध्ये तो अजून जिवंत आहे.

पुढे हे उपसर्ग झिजले आणि त्यांचं काम क्रियापदामागून येणारे अप, आउट, ऑफ करू लागले. इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेचाही याला हातभार लागला, असं मानतात. ‘टेक’ हा शब्दच मुळी त्यांचा. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठातल्या बखरीत ११३७ सालाखाली राजाने कैदेत टाकलेल्या बिशपांनी किल्ले सोडून दिल्याची नोंद आहे; तिथे ‘गिव्ह अप’ जुन्या रूपात भेटतं.

१०६६ नंतर फ्रेंच आली. सरेंडर, एंटर अशी तयार क्रियापदं आली, त्यांना शेपूट लागत नव्हतं. म्हणून ‘गो इन्टू द रूम’, पण नुसतं ‘एंटर द रूम’. ‘डिस्कस’ही लॅटिन घराण्यातलं; त्याला कर्म थेट लागतं.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, हा सोवळेपणा बराच नंतरचा. १६७२मध्ये कवी ड्रायडनने आधीच्या पिढीतल्या नाटककार बेन जॉन्सनला त्यावरून टोकलं आणि मग स्वतःचंच जुनं लेखन सुधारत बसला. सॅम्युअल जॉन्सन अधिक व्यवहारी. १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने कबूल केलं, की परक्यांना सर्वांत अवघड जातात ती ही जोडक्रियापदंच. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते मात्र १९२५मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकानंतर.

मराठी माणूस चुकतो तो बहुतेकदा आपल्याच प्रत्ययांमुळे. ‘तिच्याशी लग्न’चं ‘मॅरीड विथ हर’ होतं, ‘माझ्यापेक्षा सीनियर’चं ‘सीनियर दॅन मी’; दोन्हीकडे हवा असतो ‘टू’. नुसत्या ‘कोप विथ’ऐवजी होणाऱ्या ‘कोप अप विथ’चा दोष मात्र मराठीवर टाकता येत नाही, तो ‘अप’ बहुधा शेजारच्या ‘कीप अप विथ’मधून उसना आला.