ऑपरेशन झालेली कुत्री आणि अंथरुणावरचा डाग

पुण्यात तळजाई किंवा वेताळ टेकडीवर सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न अधूनमधून हमखास निघतो: “हिचं तर ऑपरेशन झालंय, मग हिच्यामागे कुत्रे का लागलेत?” उत्तरंही तयारच असतात. “होतं असं कधीकधी.” “ऑपरेशन अर्धवट झालं असेल.” “हळद लावा.” यातलं पहिलं उत्तर चूक, दुसरं कधीकधी बरोबर, आणि तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.

मादीच्या नसबंदीत आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढतात. काही सर्जन, विशेषतः दुर्बिणीतून ऑपरेशन करणारे, फक्त अंडाशयं काढतात. दोन्ही पद्धतींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचा मुख्य स्रोत जातो. ऑपरेशन न झालेली मादी साधारण सहा-सात महिन्यांनी हीटवर येते. सुरुवातीचे नऊएक दिवस योनीमुख सुजतं, रक्त जातं. पुढचे नऊएक दिवस ती नराला जवळ येऊ देते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतले रक्ताचे एक-दोन ठिपके सोडले, तर यातलं काहीही पुन्हा दिसता कामा नये. म्हणून घरच्यांचं काम उलट सोपं होतं. न केलेल्या मादीत आजचं लक्षण नेहमीचं की वेगळं, हे ठरवावं लागतं. केलेल्या मादीत ‘नेहमीचं’ असं काही नसतंच. शूची जागा लहान आणि कोरडी, स्राव नाही, सडांत दूध नाही. जे काही दिसेल त्याला कारण आहे आणि ते शोधावं लागतं.

आता टेकडीवरचा प्रश्न. अंडाशयाचा अगदी छोटा तुकडा आत राहिला तरी तो जगू शकतो. पोटात सुटून पडलेला तुकडासुद्धा आजूबाजूच्या पेशीजालातून रक्तपुरवठा मिळवतो आणि कामाला लागतो. उजवं अंडाशय पोटात जास्त पुढे आणि खोल असतं, बाहेर ओढून घ्यायला अवघड, त्यामुळे उजव्या बाजूला असं राहून जाण्याचं प्रमाण जास्त. लक्षणं ऑपरेशननंतर काही महिन्यांनी दिसतात, कधी काही वर्षांनीही.

इथे एक बारकावा आहे आणि तो घरी फार उपयोगी पडतो. हीटचं रक्त येतं ते गर्भाशयाच्या अस्तरातून. गर्भाशयच काढलं असेल, तर राहिलेल्या तुकड्यामुळे हीट आली तरी रक्त अगदी थोडं जातं किंवा जातच नाही. योनीमुख सुजतं, नर मागे लागतात, मादी शेपूट बाजूला करून उभी राहते, पण चादर कोरडी. याउलट सूज नाही, नरांना सोयरसुतक नाही आणि रक्त मात्र भरपूर, असं असेल तर ते हीटचं समजून सोडून देऊ नका. त्याची कारणं वेगळी असतात आणि त्यातली काही जास्त गंभीर.

सूज दिसली की अंडाशयाचा तुकडाच राहिला, असंही लगेच धरू नये. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी काही स्त्रिया हातावर इस्ट्रोजेनचं जेल किंवा स्प्रे लावतात. कुत्रीने तो हात चाटला की संप्रेरक तिच्या अंगात जातं आणि योनीमुख सुजतं, सडं मोठी होतात. अशा एका स्प्रेबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2010 मध्ये इशारा दिला होता, लहान मुलांसाठी आणि पाळीव प्राण्यांसाठीही. घरात आई, काकू, सासूबाई असं काही वापरत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. लाजेपोटी ही माहिती राहून जाते आणि बिचाऱ्या कुत्रीचं पोट पुन्हा उघडायची चर्चा सुरू होते.

आता रक्त. पुण्यात घराघरांत रस्त्यावरून आणलेल्या इंडी कुत्र्या आहेत, कानाला खाच असलेल्या, म्हणजे मोहिमेत नसबंदी होऊन पुन्हा गल्लीत सोडलेल्या. अशा मादीला महिनोन्‌महिने थेंबथेंब रक्त जात असेल, तर डॉक्टर आधी एका विलक्षण कर्करोगाचा विचार करतात. हा कर्करोग संसर्गजन्य असतो. त्यात विषाणू नसतो, जिवाणू नसतो, कर्करोगाची पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि तिथे रुजते. समागमातून जाते, चाटण्या-हुंगण्यातूनही जाते. जगभरातल्या कुत्र्यांमधल्या या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच प्राण्यात सुरू झालेल्या पेशींच्या वंशज आहेत. तो प्राणी कधीच मेला, त्याच्या पेशी अजून फिरताहेत. योनीमुख हलक्या हाताने बाजूला केलं तर कधीकधी आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी लाल, ठिसूळ गाठ दिसते. नसबंदीने हा आजार बरा होत नाही, कारण तो योनीत असतो, काढलेल्या अवयवांत नव्हे. दिलासा हा की व्हिनक्रिस्टिन या औषधाला तो फार चांगला दाद देतो. आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शनं, आणि बहुतेक मादी पूर्ण बऱ्या होतात. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून ते अनुभवी हातानेच द्यायचं.

रक्ताची आणखी दोन कारणं थोडक्यात. मूत्रमार्गाच्या संसर्गात मादी दर दहा पावलांवर बसते, थेंबभर शू करते आणि रक्त शूबरोबर येतं. गोचिडांतून येणाऱ्या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरतात. मग हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपकेही दिसतात. ते दिसले तर त्याच दिवशी दवाखाना.

अंथरुणावरचा डाग रक्ताचा नसून नुसता ओला असेल तर? यासाठी जुनी पांढरी चादर अंथरा, गडद गोधडीवर काहीच कळत नाही. झोपेतून उठल्यावर मागच्या बाजूखाली ओला गोल दिसतो, मादीला त्याचा पत्ता नसतो, जागेपणी मात्र ती व्यवस्थित बाहेर जाऊन शू करते. इस्ट्रोजेन गेल्यावर मूत्रनलिकेचा झडपस्नायू सैल पडल्याचं हे लक्षण. वीस किलोच्या वरच्या मादींमध्ये ते जास्त दिसतं आणि ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही सुरू होतं. यावर चांगली औषधं आहेत. रागावून उपयोग शून्य, आणि पाणी तोडणं हा तर घातक उपाय.

पाण्याचंच बोलायचं तर घरच्या घरी मोजता येणारी सगळ्यात कामाची गोष्ट पाणीच आहे. सकाळी लिटरच्या मापाने भांडं भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो. उन्हाळ्यात थोडं जास्त, ओलं जेवण असेल तर कमी. आकडा किलोमागे 100 च्या पुढे गेला, म्हणजे पंधरा किलोच्या मादीने दीड लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर ते आजाराचं लक्षण आहे. मूत्रपिंड, मधुमेह अशी बरीच कारणं असू शकतात. पण अंडाशयाचा तुकडा राहिला असेल, तर गर्भाशयाच्या उरलेल्या टोकात पू साठण्याचाही धोका असतो. न केलेल्या माद्यांमध्ये हा आजार हीटनंतर चार ते आठ आठवड्यांनी येतो, म्हणून केलेल्या मादीतही ‘हीटसारखं काहीतरी झालं होतं’ ही तारीख लिहून ठेवायची. पाणी वाढलं, जेवण सुटलं, उलट्या, मरगळ, मागून घाण वासाचा स्राव, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर सकाळची वाट पाहू नका. पोट आतून फुगलेलं असूनही बाहेर पू दिसत नाही, असंही होतं. तापासाठी घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतं.

ऑपरेशननंतर काही दिवसांत सडांत दूध आलं तर घाबरायचं कारण बहुधा नसतं. हीटनंतर दोन महिने प्रोजेस्टेरॉन वर असतं, गर्भ असो वा नसो. त्या काळात ऑपरेशन झालं की ते एकदम कोसळतं, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं आणि मादी खेळणी गोळा करून ‘पिलं’ सांभाळायला लागते. म्हणूनच डॉक्टर हीटनंतर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. दूध पिळून काढू नका, पिळलं की आणखी येतं. दोन-तीन आठवड्यांत ओसरलं नाही तर औषध आहे.

स्तनाच्या गाठींबद्दल पुण्यातल्या बऱ्याच घरांत अर्धीच माहिती पोचलेली दिसते: ऑपरेशन केलं, म्हणजे कर्करोग गेला. 1969 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले आकडे अजून दवाखान्यात सांगितले जातात: न केलेल्या मादीच्या तुलनेत पहिल्या हीटआधी ऑपरेशन केलं तर धोका 0.5 टक्के, पहिल्या हीटनंतर 8, दुसरीनंतर 26. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये असे सगळे अभ्यास तपासून पाहिले आणि पुरावा दिसतो तितका भक्कम नाही, असं म्हटलं. उशिरा ऑपरेशन झालेल्या, दोन-तीन वेळा व्यालेल्या गल्लीतल्या मादीला तर हा आकडा धीर देणारा नाहीच. तेव्हा महिन्यातून एकदा हात फिरवायचा. फिरून आल्यावर ती पोट वर करून पसरली की अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत काखेपासून जांघेपर्यंत प्रत्येक सडाखालची जागा दाबत जायचं. बहुतेक मादींना एका बाजूला पाच अशी दहा सडं असतात, आणि गाठी जास्त करून मागच्या दोन जोड्यांत येतात. त्यामुळे जांघेजवळ घाई नको. (सडालाच गोचीड समजून उपटायला निघालेले लोक प्रत्येक डॉक्टरांनी पाहिलेले असतात.) कुत्र्यांतल्या अशा गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात आणि तीन सेंटीमीटरच्या आत काढल्या तर निकाल बरा लागतो. ‘वाढते का बघू’ हे धोरण इथे चालत नाही.

आणि एक गोष्ट वेळेची. सूज, मागे लागणारे नर, असं काही दिसत असेल तर दवाखान्यात तेव्हाच जा, ओसरल्यावर नाही. इस्ट्रोजेन असताना योनीच्या अस्तरातल्या पेशी चपट्या, कडक होतात आणि काचपट्टीवर घेतलेल्या नमुन्यात ते लगेच दिसतं. आठवड्याभराने पट्टी काही सांगेलच असं नाही. लक्षणं ओसरल्यावर एक ते तीन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करायची, ती वर आली तर तुकडा आहे हे नक्की. पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं तर तेही तुकडा कामात असतानाच करतात, कारण तेव्हा तो फुगलेला असतो आणि सापडतो. जाताना जुन्या ऑपरेशनचा कागद न्या. त्यावर फक्त अंडाशयं काढल्याचं लिहिलंय की गर्भाशयही, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील.