पुन्हा वाचणे आणि आठवून सांगणे: उजळणीच्या नावाखाली होणारी गफलत

परीक्षा जवळ आली की घरोघरी ‘उजळणी झाली का?’ अशी विचारणा होते आणि मुलाने ‘दोनदा वाचून झाली’ असे सांगितले की पालक निर्धास्त होतात. धडा पुन्हा वाचणे आणि पुस्तक मिटून तो आठवून सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे किती वेळा सांगावे?

पुन्हा वाचण्याबद्दल फारसे सांगायला नको, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे शालेय आयुष्य त्यातच गेले आहे. नवा धडा समजून घेण्यासाठी वाचावाच लागतो आणि न कळलेला परिच्छेद पुन्हा वाचणेही योग्यच आहे. मोठ्याने वाचावे की मनात, एका जागी बसून की फेऱ्या मारत, हे वाद बिनमहत्त्वाचे आहेत. अर्धे पान पिवळ्या हायलायटरने रंगवण्याची हौस मात्र मला अजिबात पटत नाही.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. तिसऱ्यांदा वाचताना धडा सोपा वाटू लागतो, प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते, आणि वाक्य ओळखू येणे म्हणजेच धडा येणे असा मुलाचा आणि पालकांचा प्रामाणिक समज होतो. ‘घरी सगळे येत होते, पेपरात आठवले नाही’ असे म्हणणारे मूल सहसा खोटे बोलत नसते; घरी मजकूर समोर असल्याने त्याला तो ओळखता येत होता, मजकुराशिवाय आठवण्याची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा पेपरातच आली. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला उताराच किंचित अधिक आठवला; आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के, तर नुसत्या पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ४२ टक्के भाग आठवला. वाचून झाल्याबरोबर प्रश्न विचारणाऱ्या पालकांची दिशाभूल का होते, ते यावरून कळावे. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारावेत, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा.

आठवून घेण्याचेही सोंग वठवता येते. मूल अडले की आईने ‘प्रकाश… प्रकाशसं…’ म्हणायचे आणि मुलाने ‘श्लेषण’ जोडायचे, यात आठवण्याचे काम आईनेच केलेले असते. प्रश्नाखाली लगेच उत्तर छापलेल्या प्रश्नसंचांचेही तेच होते, कारण डोळा खाली घसरल्याशिवाय राहत नाही. पाढ्यांची गंमत तर आणखी वेगळी आहे: ‘सात एके सात’पासून सुरुवात करून घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच ‘सात आठे किती?’ असे विचारले की ते पुन्हा पहिल्यापासून मनात म्हणू लागते. त्याला क्रम पाठ असतो, पण सुटा गुणाकार अजून हाती लागलेला नसतो. म्हणून पाढा म्हणून झाल्यावर तो उलटसुलट विचारणे गरजेचे आहे.

‘आम्हाला हल्लीचा अभ्यासक्रम कळत नाही’ ही सबब येथे चालत नाही. पालकांनी पुस्तक आपल्या हातात घ्यावे, धड्याचे नाव सांगून ‘यात काय काय आहे ते सांग’ एवढेच म्हणावे, आणि मूल विचार करत असताना गप्प राहावे, जे बहुतेकांना फार जड जाते. सांगून झाल्यावर राहिलेले आणि चुकलेले मुद्दे पुस्तक उघडून मुलालाच शोधायला लावावेत, कारण दुरुस्त न केलेली चूकच पक्की होऊ शकते. त्या चुकांवरून रागावू नये. रागावल्यास पुढच्या वेळी मूल तुमच्यासमोर बसण्यापूर्वी गुपचूप पुस्तकात डोकावून येईल.