पॅन्क्रियाटायटिस आणि सूज उतरवणारे सायटोकाइन : आमच्या ग्राहकांसाठी थोडं नीट

रामबागेतल्या आपल्या लॅबमध्ये पॅन्क्रियाटायटिसच्या पेशंटचे घरचे लोक येतात ते हल्ली नेटवर बरंच वाचून येतात, आणि विचारतात की आयएल-१० ची (सूज उतरवणाऱ्या एका सायटोकाइनची) टेस्ट करता का, ते कमी असलं तर इंजेक्शन मिळतं का. काउंटरवर गर्दीत काका-काकूंना अर्धवट सांगणं बरं वाटत नाही म्हणून हे छापलंय.

पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, आणि त्याला सूज आली की पॅन्क्रियाटायटिस. पित्ताचा खडा नळीत अडकला, दारू फार झाली किंवा रक्तातले ट्रायग्लिसराइड १००० mg/dL च्या वर गेले की त्यातले पाचक रस आतड्यात पोचायच्या आधीच कामाला लागतात आणि स्वादुपिंडालाच पचवायला घेतात, मग तिथल्या पेशी धोक्याचे निरोप सोडतात, हे निरोप म्हणजे सायटोकाइन. टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ सूज वाढवतात. त्यांच्या मागोमाग शरीर स्वतःच ब्रेक लावतं, आयएल-१०, टीजीएफ-बीटा वगैरे.

आता ब्रेक लागला म्हणजे चांगलंच झालं असं वाटतं ना, पण तसं नाहीये. सुरुवातीला ब्रेक कमी पडला तर सूज रक्तातून फुफ्फुसं, किडनीपर्यंत जाते, दम लागतो, लघवी कमी होते. आणि तोच ब्रेक फार दिवस दाबलेला राहिला तर इम्युनिटी बसते, मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवरची एचएलए-डीआर नावाची खूण, जिच्यामुळे जंतूंची ओळख पटते, ती कमी होते, आणि साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात इन्फेक्शन शिरतं. सिरियस पेशंटमध्ये आयएल-१० बऱ्याचदा वाढलेलंच असतं, म्हणजे नुसता आकडा बघून काय समजायचं!

इंजेक्शनचं म्हणाल तर उंदरांना आयएल-१० दिल्यावर सूज कमी झाली होती, पण पेशंटसाठी ते रोजच्या उपचारात आलेलं नाही. सूज दाबणारं लेक्सिपॅफँट नावाचं दुसरं एक औषध ब्रिटनमध्ये २९० पेशंटवर तपासलं, २००१ साली निकाल छापला, आणि अवयव निकामी होणं त्याने थांबलं नाही, कारण हॉस्पिटलात पोचेपर्यंत बऱ्याच जणांचं नुकसान सुरू झालेलं होतं. हे वाचून आम्हालाही वाईट वाटतं.

त्यामुळे आयएल-१० वर पैसे घालवू नका. सीआरपी करा, हे सूज दाखवणारं रक्तातलं प्रोटीन, मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून लिव्हर ते बनवतं, आणि दुखणं सुरू झाल्यापासून ४८ तासांनी ते १५० mg/L च्या वर असलं तर डॉक्टर जास्त सावध होतात. अमायलेज, लायपेज हे स्वादुपिंडाचे पाचक रस रक्तात नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेले की आजार ओळखायला मदत होते, पण तो किती गंभीर आहे ते त्यावरून कळत नाही, सबब आकडा उतरला का बघायला रोज सॅम्पल देण्यात अर्थ नाही.

आणि पोटाच्या वरच्या भागात कडकडून दुखतंय, कळ पाठीत जातेय, उलट्या थांबत नाहीयेत, तर आमच्याकडे येऊच नका, होम कलेक्शनची वाटही बघू नका, एमवाय हॉस्पिटल असो की घराजवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल, सरळ इमर्जन्सीत जा, सॅम्पल तिथेच घेतील.