पाच लाखांची ठरावीक भरपाई आणि पूर्ण भरपाईचा दावा : कलम १६४ आणि कलम १६६

ट्रकच्या धडकेत घरातला माणूस गेला, की नागपुरात तेरवी होण्याच्या आतच कोणीतरी सांगायला येते, की विम्याचे पाच लाख तर लवकर मिळतात, ते आधी पदरात पाडून घ्या आणि मोठा क्लेम नंतर निवांत चालवा. या सल्ल्याचा पहिला भाग बव्हंशी खरा असला, तरी दुसरा भाग आजच्या कायद्यात बसत नाही. पाच लाख हे मोठ्या भरपाईचा पहिला हप्ता नसून तो स्वतंत्र मार्ग आहे, आणि तो एकदा स्वीकारला की मोठ्या दाव्याचा मार्ग बंद होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील कलम १६४ आणि कलम १६६ हे ते दोन मार्ग. दोन्हींचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेच जातो आणि दोन्हींत समोर वाहनमालक व विमा कंपनी हेच असतात, त्यामुळे ते एकच आहेत असा समज होणे स्वाभाविक आहे.

या समजाचे मूळ जुन्या कायद्यात आहे. पूर्वी कलम १४० अन्वये मृत्यू झाल्यास ५०,००० रुपये आणि कायमचे अपंगत्व आल्यास २५,००० रुपये, चूक कोणाची हे न पाहता, तातडीने मिळत असत. ती रक्कम घेऊनही कलम १६६ चा दावा चालू राहत असे आणि अंतिम निकालात ती वजा केली जात असे. क्लेमच्या कामात अनेक वर्षे घालवलेल्या मंडळींच्या डोक्यात ‘आधी थोडे, मग पूर्ण’ हा क्रम तेव्हापासून पक्का बसला आहे. त्याच कायद्यात १९९४ साली आलेले कलम १६३-अ मात्र वेगळे होते. त्यातील भरपाई सूत्रानुसार ठरत असे आणि ती अंतिम मानली जाई. ती घेतल्यावर पुन्हा कलम १६६ कडे जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दीपल सोनी प्रकरणात स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने ही दोन्ही कलमे काढून टाकली आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या जागी नवे कलम १६४ लागू झाले. दोष सिद्ध करावा लागत नाही म्हणून ते लोकांना कलम १४० सारखे वाटते, परंतु परिणामाच्या बाबतीत ते कलम १६३-अ च्या जवळचे आहे. गोंधळ नेमका इथे होतो.

कलम १६४ समजायला सोपे आहे. मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये देण्याची जबाबदारी वाहनमालकावर किंवा त्याच्या विमा कंपनीवर आहे. अर्जदाराने चालकाचा निष्काळजीपणा सांगावा किंवा सिद्ध करावा, अशी अपेक्षा नाही. मृताचे वय किती होते, तो काय कमवत होता, त्याच्यावर किती जण अवलंबून होते, यांपैकी कशानेही ही रक्कम वाढत नाही किंवा घटत नाही; फक्त त्याच अपघातासाठी दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली भरपाई मिळालेली असल्यास तेवढी रक्कम यातून वजा होते.

कलम १६६ चा दावा दोषावर उभा असतो. ट्रकचालकाने हयगयीने किंवा बेदरकारपणे वाहन चालवले आणि त्यामुळे अपघात झाला, हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. त्याच्या मोबदल्यात कायदा रकमेवर कमाल मर्यादा घालत नाही आणि न्यायाधिकरणाला न्याय्य वाटेल ती भरपाई देता येते. ‘न्याय्य’ म्हणजे किती, याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी बसवून दिली आहे : २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी. या पद्धतीचा अंदाज कुटुंबाला स्वतःला घेता आला पाहिजे, कारण विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम पुरेशी आहे की नाही हे त्याशिवाय कळत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंत्राटी फिटरचे काम करणारा ३४ वर्षांचा माणूस वर्धा रोडवर ट्रेलरच्या धडकेत मरण पावला. त्याचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये होते आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असे चार जण आहेत. नोकरी कायम नसलेल्या आणि चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात, म्हणजे उत्पन्न २१,००० रुपये धरले जाते. चार ते सहा आश्रित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो आणि उरतात १५,७५० रुपये, वर्षाला १,८९,०००. या वार्षिक रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे. गुणाकार ३०,२४,००० रुपये होतो. त्यात संपत्तीची हानी १५,०००, अंत्यविधीचा खर्च १५,००० आणि प्रत्येक निकटच्या नातेवाइकाला सहवास गमावल्याबद्दल ४०,००० मिळवले, की बेरीज ३२,१४,००० रुपये येते. शेवटच्या तीन बाबींवर २०१७ पासून दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ द्यायची असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून थोडा अधिक निघतो, आणि कलम १७१ खाली न्यायाधिकरण व्याजही देऊ शकते. एका बाजूला हे बत्तीस लाख आणि दुसऱ्या बाजूला पाच लाख, अशी ही तुलना आहे.

यावर लगेच विचारले जाते, की मृताचीही थोडी चूक निघाली तर काय. तर दावा फेटाळला जात नाही. चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. वरच्या उदाहरणात न्यायाधिकरणाने ३० टक्के दोष मृतावर टाकला, तरी सुमारे साडेबावीस लाख हाती येतात. ‘हेल्मेट नव्हते, आता काही मिळणार नाही, पाच लाखच घ्या’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे, आणि माझ्या मते तरुण, कमावत्या माणसाच्या कुटुंबाने तो ऐकूनच घेऊ नये.

निष्काळजीपणा सिद्ध करणे हे शब्द ऐकायला जितके भारी वाटतात तितके ते न्यायाधिकरणात नसते. फौजदारी खटल्यात संशयापलीकडे पुरावा लागतो. येथे जास्त शक्यता कोणत्या बाजूला आहे एवढे पाहिले जाते, आणि ट्रकचालक फौजदारी न्यायालयातून निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. ट्रकच्या बाबतीत पुराव्याचा कस बहुधा घटनास्थळाच्या पंचनाम्यात लागतो. रात्री महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून दुचाकी आदळली, तर चूक दुचाकीस्वाराचीच, असे वरवर पाहता वाटते. परंतु मागचे दिवे बंद होते का, रिफ्लेक्टर होते का, ट्रकचा किती भाग डांबरी रस्त्यावर होता, लोखंडी सळ्या मागे बाहेर आल्या होत्या का, या नोंदी पंचनाम्यात असतील तर चित्र पालटते; धोकादायक रीतीने वाहन उभे करून ठेवण्यास याच अधिनियमाचे कलम १२२ मनाई करते. त्यामुळे एफआयआर, पंचनामा, घटनास्थळाचा नकाशा, शवविच्छेदन अहवाल आणि ट्रकचे आरसी, विमा, परमिट, फिटनेस व चालकाचा परवाना यांच्या प्रती लवकरात लवकर मिळवणे हे पहिले काम ठरते.

आता प्रत्यक्षात निवड कोणत्या क्षणी करावी लागते ते पाहू, कारण ती अनेकदा नकळत होऊन जाते. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि हा अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. त्यानंतर कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीचा नियुक्त अधिकारी तडजोडीची रक्कम देऊ करतो. कुटुंबाने होकार दिला, की न्यायाधिकरण तशी नोंद करते, दावा संमतीने निकाली निघतो आणि कंपनीला ३० दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. नकार दिला, तर सुनावणीची तारीख पडते आणि प्रकरण गुणदोषांवर चालते. नकार देणाऱ्याचे काहीही बुडत नाही. कलम १६६ मध्ये २०१९ साली घातलेले परंतुक, म्हणजे जोडलेली अट, सांगते, की कलम १४९ च्या पद्धतीने कलम १६४ ची भरपाई स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील दावा अर्ज व्यपगत होतो, म्हणजे आपोआप संपतो. म्हणून सही करण्यापूर्वी देऊ केलेली रक्कम कोणत्या कलमाखाली आहे हे लेखी विचारावे आणि तिच्याशेजारी वरच्यासारखे गणित मांडून पाहावे. देऊ केलेला आकडा पाच लाखांहून बराच मोठाही असू शकतो. तेव्हा दहा टक्के कमी घेऊन काही वर्षांची पायपीट टाळणे हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो.

कलम १६४ कमी प्रतीचे आहे, असे यातून कोणी समजू नये. काही प्रकरणांत तेच अधिक देते. महिन्याला ६,००० रुपये मिळवणारे आणि मागे केवळ पत्नी असलेले ६८ वर्षांचे गृहस्थ अपघातात गेले, तर भविष्यातील वाढ मिळत नाही, एक तृतीयांश वजा होतो, गुणक अवघा ५ असतो, आणि २,४०,००० रुपयांत इतर बाबी मिळवूनही बेरीज साडेतीन लाखांच्या आतच राहते. तिथे दोष सिद्ध न करता मिळणारे पाच लाख उघडच बरे. जखमींच्या बाबतीतही असेच आहे. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत असल्याने, तीन महिन्यांत पूर्ण बरे झालेल्या आणि फार खर्च न झालेल्या माणसाला अडीच लाखांची ठरावीक रक्कम फायद्याची पडते. कळमना बाजारात हमाली करणाऱ्याचा पाय कायमचा अधू झाला असेल, तर मात्र नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्केवारी काहीही असो, त्या अपंगत्वामुळे त्याची कमाई किती बुडाली हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज कुमार प्रकरणात सांगितले आहे, आणि हा विचार केवळ कलम १६६ मध्ये होतो.

अपघात कुठेही झाला असला, तरी अर्जदार जिथे राहतो तेथील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नागपूर हे जबलपूर, रायपूर, हैदराबाद या सर्व दिशांच्या मालवाहतुकीचे नाके असल्याने ट्रक बहुधा परराज्यातला निघतो. तरी सिवनीजवळ झालेल्या अपघाताचा दावा कामठीत राहणाऱ्या कुटुंबाला नागपुरात चालवता येतो. मुदत मात्र कडक आहे. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर कोणीही दिवस घालवू नयेत. निकाल मान्य नसल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अपील होते.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर या दोन्ही कलमांचा उपयोग नाही, कारण ज्याच्याकडून भरपाई मागायची तो मालकच अज्ञात असतो. अशा वेळी कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज न्यायालयात करायचा नसून उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो, आणि मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर होते. पुढे ट्रकचा नंबर सापडला आणि दाव्यात भरपाई मिळाली, तर तेवढी रक्कम परत करावी लागते, पण हे दोन लाख घेतल्याने मोठा दावा मरत नाही. ‘आधी थोडे, मग पूर्ण’ हा जुना क्रम आज जर कुठे टिकला असेल, तर तो इथे.

ट्रकचा चालक किंवा क्लीनर स्वतःच मरण पावला असेल, तर त्याच्या कुटुंबापुढे आणखी एक पर्याय असतो आणि तो बहुतेक वेळा नजरेतून सुटतो. चालकाच्या स्वतःच्या हातून ट्रक उलटला असेल तर कलम १६६ खाली दोष दाखवायचा कोणाचा, हा प्रश्न येतो, आणि मग सगळे कलम १६४ च्या पाच लाखांकडे वळतात. वास्तविक कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) यातही मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. तेथे मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, आणि १९२३ च्या अधिनियमाखाली वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाई. ३० वर्षांच्या चालकासाठी गुणक २०७.९८ असल्याने त्या कमाल वेतनावर ही रक्कम १५,५९,८५० रुपये होते. मात्र मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६७ नुसार या दोन कायद्यांपैकी एकाच कायद्याखाली भरपाई मागता येते, त्यामुळे न्यायाधिकरणाची पायरी चढायची की कर्मचारी भरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्याची, हे पहिला अर्ज लिहिण्यापूर्वीच ठरवावे लागते.