सामायिक सूक्ष्मदर्शक केंद्रात वेळ मिळवायची तर अर्ज कसा करावा

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (लेझरने नमुन्याचा एकेक पातळ थर स्पष्ट टिपणारा) एकेका प्रयोगशाळेला परवडत नाही, म्हणून तो सामायिक केंद्रात ठेवतात आणि सगळे पाळीपाळीने वापरतात. बहुतेक केंद्रांत संशोधक विद्यार्थी, प्रकल्प सहायक, प्राध्यापक असे कुणीही अर्ज करू शकतात. बाहेरच्या संस्थांनाही वेळ मिळते, दर तेवढा जास्त पडतो.

कागदपत्रं फार नसतात: ओळखपत्र, मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र, पैसे कोणत्या प्रकल्पातून जाणार ते आणि कामाचा छोटा सारांश. माणसांचे किंवा प्राण्यांचे नमुने असतील तर नैतिकता समितीची मंजुरी, रोगजंतू असतील तर जैवसुरक्षा समितीची. या मंजुऱ्यांना वेळ लागतो, तेव्हा सुरुवात तिथून करा.

अर्जातलं खरं महत्त्वाचं पान नमुन्याचं, आणि नेमकं तेच घाईत भरलं जातं. नमुना जिवंत आहे की फिक्स केलेला (रसायनाने जसाच्या तसा टिकवलेला), कोणते फ्लुरोसंट (प्रकाश पडला की चमकणारे) रंग वापरलेत, कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) किती जाडीची, हे सगळं लिहा. बऱ्याच लेन्सवर ‘०.१७’ कोरलेलं असतं. ती कव्हरस्लिपची मिलिमीटरमधली जाडी. वेगळी वापरलीत तर चित्र धूसर येतं. जिवंत पेशींसाठी ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागत असेल तर तेही आधीच कळवा, कारण नमुना ठेवायच्या बंदिस्त कक्षाचं तापमान स्थिर व्हायला काही तास जातात.

अर्ज मंजूर झाला तरी लगेच बुकिंग उघडत नाही. आधी प्रशिक्षण, मग ऑपरेटरसमोर स्वतः यंत्र चालवून दाखवायचं. हे टाळता येत नाही आणि टाळूही नये. तेलाची लेन्स (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायची) वापरून झाल्यावर कुणी तीच स्लाइड न पुसता कोरड्या लेन्सखाली फिरवली, की तेल त्या लेन्सला लागतं आणि पुढच्या माणसाला सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. बिचारा दिवसभर स्वतःच्या नमुन्यात खोट शोधत बसतो! नमुन्यावर प्रकाश टाकायला पाऱ्याचा दिवा असेल तर तो लावल्यावर निदान अर्धा तास बंद करायचा नाही आणि बंद केल्यावर तेवढाच वेळ थंड होऊ द्यायचा. म्हणून निघण्यापूर्वी बुकिंगचं वेळापत्रक बघा; लगेच कुणाची पाळी असेल तर दिवा चालूच ठेवा.

काही बिघडलं तर नोंदवहीत तिथल्या तिथे लिहा. चूक तुमची असली तरी लिहा, दुरुस्ती त्याच नोंदीवरून सुरू होते. डेटा त्याच दिवशी आपल्या सर्व्हरवर हलवा, यंत्राच्या संगणकावरच्या फाइल्स ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. येणं जमणार नसेल तर बुकिंग आदल्या दिवशीच रद्द करा, म्हणजे ती वेळ प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळेल.