इस्केमिक प्रीकंडिशनिंग

हृदयस्नायूचा रक्तपुरवठा चार-पाच मिनिटे तोडायचा, पुन्हा सुरू करायचा आणि असे दोन-चार वेळा केल्यावर तो बराच काळ बंद ठेवायचा. अशा वेळी तो स्नायू एरवीपेक्षा पुष्कळ कमी मरतो. या घटनेला इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात. हृदयाला इजेपासून वाचवण्याच्या प्रायोगिक संशोधनात इतक्या प्रयोगशाळांत आणि इतक्या प्राणिजातींत पुन्हा पुन्हा दिसलेला परिणाम क्वचितच सापडेल. रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र त्यावर आधारलेल्या उपायांनी बहुतेक वेळा निराशाच केली आहे. हा विषय समजून घ्यायचा तो या तफावतीसाठी.

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयस्नायूला रक्त पुरवणारी करोनरी रोहिणी बुजल्याने स्नायूचा एक भाग मरणे. हा भाग एका क्षणात मरत नाही. रायमर आणि जेनिंग्ज यांनी 1970च्या दशकात कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, मृत्यू निलयाच्या (हृदयातील रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याच्या) भिंतीच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे काही तासांत सरकत जातो. म्हणजे वाचवण्याजोगा स्नायू काही काळ शिल्लक असतो. झटक्यातून वाचलेल्या रुग्णाचे हृदय पुढे निकामी होणार की नाही, हे बऱ्याच अंशी मेलेल्या भागाच्या आकारावर ठरते. म्हणून तो आकार कमी करणे हेच या क्षेत्राचे मुख्य उद्दिष्ट राहिले.

1986 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रोहिणी पाच मिनिटे बंद, पाच मिनिटे उघडी अशी चार वेळा केली आणि मग ती सलग 40 मिनिटे बंद ठेवली. आधीच चार वेळा उपाशी राहिलेल्या स्नायूचे नुकसान वाढेल, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटेच. मृत भागाचा आकार तुलनेच्या गटाच्या जेमतेम चौथाई भरला. शेजारच्या रक्तवाहिन्यांतून जादा रक्त मिळाल्यामुळे हे झाले असावे, ही शंकाही मोजमापाने निकालात निघाली. त्याच शोधनिबंधात दुसरा, तितकाच महत्त्वाचा आणि पुढे अनेकांनी सोयीस्करपणे विसरलेला भाग होता: रोहिणी तीन तास बंद ठेवली तेव्हा दोन्ही गटांत काही फरक उरला नाही. प्रीकंडिशनिंग मृत्यू टाळत नाही, लांबवते. रक्तप्रवाह वेळेत परत आला नाही तर त्याचा उपयोग शून्य.

आकार मोजण्याची पद्धत साधी आहे आणि डोळ्यांना पटणारी आहे. प्रयोगाच्या शेवटी रोहिणी पुन्हा बांधून रक्तात निळा रंग सोडतात. ज्या भागाला रक्त मिळते तो निळा होतो; न रंगलेला भाग म्हणजे धोक्यात आलेले क्षेत्र. मग हृदयाचे आडवे काप करून ते टेट्राझोलियम क्षाराच्या कोमट द्रावणात ठेवतात. जिवंत पेशींतील विकरांमुळे काप विटकरी लाल होतो, मेलेला भाग फिकट पांढुरका राहतो. फिकट भागाचे धोक्यातील क्षेत्राशी प्रमाण काढले की प्रयोगाचे उत्तर मिळते. उंदीर, ससा, डुक्कर यांच्यावर हीच रीत वापरतात. शरीराबाहेर काढलेल्या हृदयावरही काम होते. महारोहिणीतून उलट दिशेने पोषक द्रव सोडून हृदय तासन्‌तास धडधडते ठेवण्याची लँगेनडॉर्फची 1895 सालची युक्ती आजही चालते.

हे संरक्षण दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा लगेच सुरू होतो आणि दोन-एक तासांत ओसरतो. दुसरा सुमारे 24 तासांनी उगवतो, अधिक सौम्य असतो आणि तीन दिवसांपर्यंत टिकतो. तो 1993 मध्ये लक्षात आला. पहिल्यात पेशीत आधीपासून असलेली प्रथिने कामाला लागतात, दुसऱ्यासाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात.

यंत्रणेची सुरुवात पेशीबाहेर होते. रक्ताविना तडफडणारा स्नायू ॲडेनोसीन, ब्रॅडिकायनिन आणि अफूसदृश द्रव्ये सोडतो. डाउनी यांच्या गटाने 1991 मध्ये सशांत ॲडेनोसीनचे ग्राही (पेशीवर त्याचा संदेश झेलणारी प्रथिने) रोखले, तेव्हा संरक्षण नाहीसे झाले. ग्राहींपासून निघालेला संदेश प्रोटीन कायनेज सी आणि इतर विकरांमार्फत पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांपर्यंत पोहोचतो. खरी लढाई तिथेच होते, तीही रक्त परत आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. रक्त परतताना कॅल्शियमची गर्दी होते, ऑक्सिजनचे मुक्तमूलक (पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील कण) उसळतात, पेशीतील आम्लता झपाट्याने उतरते आणि तंतुकणिकेच्या पटलात एक मोठे छिद्र उघडते. ते उघडे राहिले की पेशी संपली. प्रीकंडिशनिंग हे छिद्र उघडू देत नाही, असे आज बहुतेक संशोधक मानतात.

झटका कधी येणार हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे आधी करायच्या उपायाचा रुग्णाला फायदा काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. त्यातून दोन वाटा फुटल्या. 2003 मध्ये झाओ आणि विन्टेन-जोहान्सन यांनी रोहिणी एकदम न उघडता, अर्धा मिनिट उघडी, अर्धा मिनिट बंद अशी तीन वेळा करून कुत्र्यांत संरक्षण मिळवले, ही पोस्टकंडिशनिंग. दुसरी वाट अधिक चमत्कारिक. 1993 मध्ये प्रिझिक्लेंक यांनी दाखवले की, एका रोहिणीच्या क्षेत्राचा रक्तपुरवठा असा थोडा थोडा वेळ तोडला तर शेजारचे, कधीच न छेडलेले क्षेत्रही वाचते. पुढे हृदय सोडून हातपायांचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखला तरी चालते असे दिसले. 2002 मध्ये खरबंदा व सहकाऱ्यांनी त्यासाठी रक्तदाब मोजण्याचा साधा पट्टा वापरला. दंडाला पट्टा बांधून पाच-पाच मिनिटे फुगवायचा आणि हृदय वाचवायचे! खर्च नाही, औषध नाही. उत्साह वाढला त्यात नवल नाही.

मोठ्या चाचण्यांनी तो उतरवला. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांत हा पट्टा वापरून पाहणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल 2015 मध्ये आले. रुग्णांच्या पुढील प्रकृतीत फरक पडला नाही. झटक्याच्या 5,401 रुग्णांवरील चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात हृदयजन्य मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण पट्टा बांधलेल्यांत 9.4 टक्के, न बांधलेल्यांत 8.6 टक्के होते. तंतुकणिकेचे छिद्र बंद ठेवणारे सायक्लोस्पोरीन 2008 मध्ये 58 रुग्णांत आशादायक ठरले होते. 2015 मध्ये 970 रुग्णांत ते निष्प्रभ ठरले.

कारणांचा शोध घेताना प्रयोगशाळेचा प्राणी आणि रुग्ण यांच्यातील अंतर स्पष्ट होते. प्राणी तरुण, निरोगी आणि औषधाविना असतो. रुग्ण साठीचा, मधुमेही, रक्तदाबाचा, आणि आधीच अर्धा डझन गोळ्या घेणारा. मधुमेहावरचे ग्लायबेनक्लामाइड प्राण्यांतील संरक्षण मोडून काढते. रक्तगुठळीविरोधी टिकॅग्रेलोरसारखी औषधे प्राण्यांत स्वतःच संरक्षण देताना दिसतात, त्यामुळे वर आणखी काही मिळवायला जागा राहत नाही. वरील शस्त्रक्रियांत वापरलेले प्रोपोफॉल हे भूलीचे औषधही संशयाच्या फेऱ्यात आहे. शिवाय रोहिणी तातडीने उघडण्याचे उपचारच आता इतके सुधारले आहेत की उरलेला फरक पकडणे अवघड जाते.

भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत, महाराष्ट्रातही, हृदयसंरक्षण म्हणून जे प्रयोग बहुधा होतात ते वेगळे असतात. उंदरांना हृदय जोराने धडधडायला लावणाऱ्या आयसोप्रोटेरेनॉल या औषधाचे मोठे डोस लागोपाठ दोन दिवस टोचून हृदयाला इजा करतात आणि त्याआधी काही आठवडे अर्जुनसाल किंवा लसणाचा अर्क पाजतात. छाती उघडावी लागत नाही, कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लागत नाही, म्हणून ही रीत सोयीची. पण इथे रोहिणी बुजत नाही आणि रक्त परतही येत नाही. शिवाय औषध इजेच्या आधी दिलेले असते. अशा निकालावरून झटक्याच्या रुग्णाबद्दल विधान करणे धाडसाचे आहे.

प्रयोगातून रुग्णापर्यंतचा प्रवास अशक्य आहे असे मात्र नाही. मार्क आणि जॅनिस फेफर यांनी रोहिणी बांधलेल्या उंदरांना कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरचे औषध दीर्घकाळ दिले, तेव्हा ते अधिक काळ जगले. हा निष्कर्ष 1985 चा. सात वर्षांनी 2,231 रुग्णांच्या चाचणीत मृत्यू 19 टक्क्यांनी घटले. तिथे औषध झटक्यानंतर काही दिवसांनी सुरू केले होते आणि लक्ष्य मृत भाग नव्हता, तर उरलेल्या निलयाचा हळूहळू होणारा फुगवटा होता. मिनिटांची शर्यत तिथे नव्हतीच.

दरम्यान प्राण्यांवरील प्रयोगांचीही शिस्त वाढली. अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पाठबळाने उंदीर, ससा आणि डुक्कर यांच्यावर अनेक प्रयोगशाळांत एकाच रीतीने, चिठ्ठी टाकून गट पाडून आणि मोजणाऱ्याला गट न सांगता तपासणी करण्याची साखळी उभी राहिली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले, तेव्हा तिन्ही प्राण्यांत प्रीकंडिशनिंग निर्विवाद टिकले. हृदयसंरक्षक म्हणून आधी गाजलेले सोडियम नायट्राइट मात्र तिथे टिकले नाही.