पोटात सोडायचा द्रव आम्ल का, आणि पांढऱ्या पेशी गप्प का?

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून आठवड्याला दोन-तीनदा हेमोडायलिसिससाठी, म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घ्यायला, नाशिक गाठायचं, तर रुग्णाचा दिवस एसटीतच जातो. अशांना घरीच पोटातून डायलिसिस करणं सोयीचं पडतं. त्यात साखर घातलेला द्रव नळीने पोटात सोडतात, रक्तातली घाण पोटाच्या पातळ पडद्यातून त्यात उतरते आणि मग तो काढून टाकतात. साधारण दोन लिटरची पिशवी दिवसातून चारदा बदलतात. भीती असते ती पोटातल्या जंतुसंसर्गाची. तो झाला की बाहेर येणारं पाणी गढूळ दिसतं.

१९२३ मध्ये जर्मनीत गाँटर यांनी हा प्रयोग माणसावर केला. १९६८ मध्ये टेंकहॉफ यांचा कॅथेटर (पोटात बसवायची नळी) आला आणि १९७६ मध्ये पोपोविच व मॉनक्रीफ यांनी आजची चोवीस तासांची पद्धत मांडली. संसर्गाचा दोष तेव्हा सैल जोडण्या आणि न धुतलेले हात यांच्यावर जाई. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. १९८१ मध्ये ड्यूवे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नव्या पिशवीतल्या द्रवात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतू नीट गिळत नाहीत, मारतही नाहीत.

कारण कारखान्यात आहे. साखरेचं पाणी तापवून निर्जंतुक करताना साखर जळू नये म्हणून द्रव आम्ल ठेवतात, पीएच ५.२ ते ५.५ (हा आकडा जितका कमी तितका द्रव आम्ल; रक्ताचा ७.४). रक्तातलं जादा आम्ल शमवायला बायकार्बोनेट घातलं तर ते द्रवातल्या कॅल्शियमबरोबर साका धरतं, म्हणून त्याऐवजी लिटरमागे ३५ ते ४० मिलिमोल लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचा क्षार). ही जोडीच घातक. आम्ल द्रवात लॅक्टेटचा थोडा भाग लॅक्टिक आम्ल होऊन पेशीत शिरतो आणि पेशीच्या आतला पीएच पाडतो. तेवढंच लॅक्टेट ७.४ पीएचला फारसं बाधत नाही.

निरोगी पेशीत जंतूच्या आवरणातलं विष (एंडोटॉक्सिन) पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला लागतं, आयकेबी नावाचा अडसर तुटतो, जनुकं चालू करणारं एनएफ-केबी हे प्रथिन केंद्रकात जातं आणि इतर पेशींना लढायला बोलावणारा टीएनएफ हा संदेश बनतो. आम्ल द्रवात भिजलेल्या पेशी त्याच चिथावणीला फारच कमी टीएनएफ सोडतात. पोटात रक्तातलं बायकार्बोनेट मिसळून अर्ध्या तासात पीएच ७ च्या आसपास येतो, पण दिवसाला चार अर्धे तास काही थोडे नव्हेत.

दुसरा उपद्रव तापलेल्या साखरेचा. तापताना साखर मोडून बनणारे मिथिलग्लायऑक्सल, ३,४-डीजीई असे तुकडे पेशींना मंदावतात. गंमत अशी, की हेच तुकडे महिनोन्‌महिने प्रथिनांना चिकटत गेले की पेशीवरच्या रेज नावाच्या ग्राहकामार्फत एनएफ-केबी उलट चेतवतात आणि पोटाचा पडदा जाड होतो.

म्हणून दोन कप्प्यांच्या पिशव्या आल्या. साखर तीव्र आम्लात वेगळी तापवायची आणि भरण्याआधी मधली शिवण फोडून मिसळायचं. शिवण न फोडता सोडलं तर खटाटोप वाया जातोच, अपायही होऊ शकतो. अशा द्रवाच्या २०१२ च्या बॅलान्झ नावाच्या चाचणीत १८५ रुग्णांमध्ये संसर्गाचं प्रमाण दर रुग्ण-वर्षाला ०.४९ ऐवजी ०.३० आढळलं. पुढच्या चाचण्यांत हा फायदा सगळीकडे दिसला नाही. रुग्णाला अजून होत असलेल्या लघवीचं प्रमाण टिकतं, याला मात्र बळकट पुरावा आहे.

३,४-डीजीई साठवणीच्या उष्णतेनंही वाढतं. एप्रिल-मेत पत्र्याच्या खोलीत खोकी रचू नयेत. निफाडच्या थंडीत पिशवी कोमट करायची ती कोरड्या उबेनं. गरम पाण्यात बुडवली तर तोंडाशी ओल राहून जंतूंना वाट मिळते.